काही तक्रार नाही

"हे नख कधी काळं पडलं हो?" शाळेच्या फाटकात बाईंनी माझ्या मुलाचा हात हातात घेतला आणि मला विचारलं. मी ते नख पहिल्यांदाच बघत होतो. उजव्या हाताचं मधलं बोट, नखाखाली शाई सांडल्यासारखं रक्त साकळलेलं, पेर सुजून टम्म. "काल शाळा सुटली तेव्हा तर धड होतं," बाई म्हणाल्या, "मीच याच्या हातात डबा दिला होता." मुलगा म्हणाला, "दारात आलं." कुठल्या दारात रे? "एका दारात." दुखत नाही? "नाही, बाई." मग त्याने हात अलगद सोडवून घेतला, मला "येतो बाबा" म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. बाई त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. "काय गुणी मूल आहे! बाकीच्यांना पेन्सिल टोचली तरी भोकाड पसरतात. हा कधी ब्र काढत नाही. काय शिकवता काय तुम्ही घरी?" मी हसलो. आपण हसतोय हे मला कळलंसुद्धा नाही. कौतुक झालं की माझं तोंड आपोआप पसरतं, तसं ते पसरलं.

गाडीपाशी आलो. गाडी कंपनीची, मी लिफ्ट दुरुस्त करतो. मागे हत्यारं, तेलाचे डबे, पोलादी दोराची वेटोळी, आणि मधे मुलांसाठी मीच बसवून घेतलेली सीट. तिथलं दार सरकतं आहे. जड आहे मेलं, रुळात कचरा अडकतो, कधी कधी दोनदा ढकलावं लागतं. ते लावायला मी हात घातला आणि हात तिथेच राहिला. काल संध्याकाळी ते दार पहिल्या झटक्यात लागलं नव्हतं. थोरली पुढे बसली होती, मधली बाहेर उभी राहून आज पुढची जागा कुणाची यावर तिच्याशी हुज्जत घालत होती, धाकट्याला, बोक्याला, मी नुकतंच आत कोंबलं होतं, मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तिरमिरीत मी दार ढकललं. ते कशाला तरी लागून परत आलं. मी दाराला एक शिवी हासडली, जरा मागे ओढलं, पुन्हा ढकललं. लागलं. मास्तर आत बसला होता, दाराशेजारी. ओरडलं कुणी नाही. कुणी ओरडलं असतं तर मी ऐकलं असतं. लिफ्टचा आवाज दोन मजले खालून ऐकून कुठलं चाक सुकलंय ते सांगणारा माणूस मी, माझ्या कानाशी कुणी ओरडलं असतं तर मला ऐकू आलं नसतं?

मास्तर म्हणजे तोच, काळ्या नखाचा. सहा संपून सातवं लागलंय. बोका त्याचा धाकटा भाऊ, साडेतीन वर्षांचा. दोघे मागच्या थंडीत आमच्याकडे आले. आम्ही दत्तक घेतले असं म्हणायचं, पण थोरली तेव्हा म्हणाली होती, "त्यांनी पण आपल्याला घेतलं ना?" ती चौदाची, तिला असलं बरोबर सुचतं. तिच्यामागची अकराची. ती दहा वर्षं धाकटी होती आणि एका दिवसात मधली झाली. त्याचं उट्टं तिने सगळ्यांना टोपणनावं ठेवून काढलं. हा प्रत्येक गोष्ट नियमाने करतो, चपला टाचेला टाच लावून ठेवतो, म्हणून मास्तर. तो दिसेल ते खातो आणि न विचारता मांडीवर चढतो, म्हणून बोका. नावं आम्हाला सगळ्यांनाच आवडली. घरात नाव पडलं की माणूस घरचा झाला असं मला वाटलं होतं, आता काय बोलायचं.

काल रात्रीचं जेवण आठवलं. तो डाव्या हाताने जेवत होता. उजवा हात मांडीखाली. भात सांडत होता, तो एकेक शीत उचलून ताटात ठेवत होता. आणि मी म्हणालो, "काय मास्तर, आज डावखुरे झालात?" सगळे हसले. तोही हसला. मी तर माझ्याच विनोदावर खूश होऊन पुन्हा एकदा म्हणालो. माझ्या शेजारी बसला होता तो, माझं कोपर त्याला लागत होतं. मी गाडीत बसलो, उतरलो, पुन्हा त्या दाराशी गेलो. मग जे केलं ते शहाण्या माणसाने करायचं नाही. मी माझं मधलं बोट चौकटीवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने दार ढकललं. निम्म्या जोरानेसुद्धा नाही. "आई गं!" असा ओरडलो की पलीकडच्या फुटपाथवरची बाई पिशवी टाकून वळली. "काय झालं हो?" काही नाही, काही नाही. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, अंगाने आडवा, डोळ्यांत पाणी आणून उड्या मारत होता. हे एवढं दुखणं सहा वर्षांच्या पोराने गिळलं, जागच्या जागी, तोंडातून वाफ बाहेर न काढता. आणि पुन्हा दार येतंय हे बघून हात काढून घेतला, आणि मांडीखाली ठेवला. हे त्याला कुणी शिकवलं? कशाच्या भीतीने शिकला असेल? त्याहून वाईट म्हणजे, माझ्या घरात एवढे महिने काढून ती भीती त्याची का गेली नाही?

बायकोला फोन केला. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, सकाळी तिथे वर्दळ नसते. मी सांगितलं. तिने कुठलं बोट ते विचारलं. मग म्हणाली, "मी काल त्याच्या हाताला साबण लावत होते रे. त्याने मूठ मिटून घेतली. म्हणाला, आधीच धुतलेत. मला वाटलं, खेळतोय." मी म्हणालो, आत्ता जातो, त्याला वर्गातून काढतो, डॉक्टरकडे नेतो. "तू नको," ती म्हणाली. "तू असा धापा टाकत गेलास तर त्याला वाटेल त्याचंच काही चुकलं. मी जाते. शाळा मला जवळ आहे." 'तू नको' हे तिने सरळ मनाने म्हटलं होतं. पण ते दिवसभर माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

त्या दिवशी काम एका जुन्या सहा मजली इमारतीत होतं. लिफ्ट वर थांबवून मी खालच्या खड्ड्यात उतरलो, दिवा अडकवला. लिफ्टच्या खाली माझ्याएवढं शांत कुणी नसतं, एरवी. लोकांना भीती कशाची, तर लिफ्ट पडेल. पडत नाही. ब्रेक असतात, दोर एकाला चार असतात. लिफ्टमध्ये माणसाला इजा होते ती दारात. म्हणून दाराच्या कडेला आम्ही सेन्सर बसवतो. चिमुरड्याचं बोट जरी मधे आलं तरी दार थबकतं आणि मागे सरतं. मी स्वतः किती बसवलेत. बसवून झाले की हात घालून बघतो, दार मागे गेलं की बरं वाटतं. माझ्या दारांना कळतं. चौथ्या मजल्यावरून एक म्हातारी वाकून ओरडली, "अहो, पडणार तर नाही ना ही?" मी खालून ओरडलो, "नाही आजी, पडत नाही." "आवाज करते हो फार!" मी म्हणालो, "आवाज करते तेच बरं." हे मी सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगतो. जी लिफ्ट कुरकुरते तिचं काय बिघडलंय ते समजतं. जी गुपचूप चालते तिच्याकडे कुणी बघत नाही आणि एक दिवस ती मधेच बंद पडते. सांगून झालं आणि मी तिथेच, तेलकट खड्ड्यात, पान्हा हातात धरून बसून राहिलो.

कारण कौतुक आम्ही सगळ्यांनीच केलं होतं. माझी आक्का, मोठी बहीण, पहिल्यांदा आली तेव्हा तिने दोघांना नीट निरखलं. मी धास्तावलो होतो. तिची जीभ म्हणजे कात्री, आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं हे तिचं तत्त्वज्ञान. पण मास्तरने उठून तिला पाणी दिलं, पेला परत नेला, आणि आक्का विरघळली. "काय वळण आहे रे पोराला! नाहीतर तुझ्या या दोघी गधड्या." माझी छाती फुगली. जसं काही ते वळण मी लावलं होतं. तो "मी पाणी पिऊ का?" असं विचारायचा. "मी इथे बसू का?" विचारायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही म्हणायचो, अरे, विचारतोस काय, घर तुझं आहे. तो मान हलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचा. मग आम्ही सांगणं सोडलं. तसं सोयीचंच होतं ते, खोटं कशाला बोलू. चार पोरांच्या घरात एक तरी न मागणारं असलं की आईबापांना हायसं वाटतं. बोका मात्र महिन्याभरात चावायला लागला, ताट ढकलायला लागला, मधलीचे केस धरून लोंबायला लागला. तो आमचा झाला हे सांगायला कुणी नको. एकदा बोका असाच रडत होता आणि मी दाराबाहेर उभा होतो. आत मास्तर त्याच्या तोंडावर हात ठेवून सांगत होता, "गप. त्यांना ऐकू जाईल." त्यांना म्हणजे मला. मी तिथून पाय न वाजवता निघून आलो आणि बायकोला सांगितलं की मोठा धाकट्याला किती छान सांभाळतो.

दुपारी बायकोचा फोन आला. हाड शाबूत आहे. नख पडेल, नवीन येईल. डॉक्टरांनी विचारलं, कुणी केलं रे बाळा? तर म्हणाला, कुणीच नाही. "आज शुक्रवार आहे," ती म्हणाली. "माहीत आहे," मी म्हणालो. शुक्रवारी आमच्याकडे तक्रारी असतात. मुली लहान असताना दिवसभर एकमेकींच्या चहाड्या घेऊन यायच्या, डोकं उठायचं, तेव्हा बायकोने कायदा काढला. तक्रारी शुक्रवारी, जेवणानंतर, ताटं उचलल्यावर. प्रत्येकाला पाळी, कुणाविरुद्धही चालेल, आईबापसुद्धा. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली त्याने त्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत अवाक्षर काढायचं नाही. सफाई नाही, माफी नाही, 'पण तिनेच आधी' नाही. रात्रभर ऐकलेलं घेऊन झोपायचं. वकील घरात जन्माला येऊ नयेत म्हणून काढलेला नियम, पण तो चालला. बोक्यालाही समजला, तो दर शुक्रवारी भाजीविरुद्ध तक्रार करतो. मास्तर मात्र हात मांडीवर ठेवून म्हणतो, "माझी काही तक्रार नाही." दर शुक्रवारी. मधलीने एकदा मुद्दाम त्याच्या रंगातला पिवळा सगळा संपवला आणि वाट बघितली. तेव्हाही काही तक्रार नाही. शेवटी तिनेच त्याच्याविरुद्ध तक्रार केली, "हा भांडतच नाही. मला उगाच दुष्ट असल्यासारखं वाटतं." आम्ही हसून हसून लोळलो होतो. त्या पोरीला जे टोचलं ते माझ्या कातड्याला लागलंच नाही.

संध्याकाळी घरी आलो. त्याच्या बोटाला पांढरी पट्टी होती आणि तो ती टेबलाखाली धरून बसला होता. मी जवळ जाऊन बसलो, डोक्यावर हात ठेवला. डोकं तिथेच राहिलं, जराही हललं नाही. मला म्हणायचं होतं, आणि शब्द होते की तोंडात, पण तो माझ्याकडे असा बघत होता, सभ्यपणे, की मला वाटलं आत्ता माफी मागितली तर हा "काही हरकत नाही" म्हणेल आणि मग सगळं कायमचं मिटेल. तो तसं म्हणेल याचीच धास्ती वाटत होती. त्याने एकदा मला माफ करून टाकलं की पुढे आयुष्यभर तो दारात बोटं देईल आणि मला कळणार नाही. म्हणून मी ठरवलं. माझ्या मते फार हुशारीने ठरवलं.

ताटं उचलली. थोरलीची तक्रार आईविरुद्ध, दार न वाजवता खोलीत येते. आईने ओठ मिटले. मधलीची थोरलीविरुद्ध, गाडीतली पुढची जागा. बोक्याची वांग्याविरुद्ध. मग मास्तर. "माझी काही तक्रार नाही." मग मी घसा खाकरला आणि म्हणालो, "माझी तक्रार बाबाविरुद्ध आहे." मधली खिदळली, "स्वतःविरुद्ध? असं चालतं?" थोरली म्हणाली, "चालतं. नाही म्हणून कुणी सांगितलंय?" मी म्हणालो, "बाबाने काल गाडीचं दार लावलं. मास्तरचं बोट मधे होतं. बाबाने बघितलं नाही. दार लागलं नाही म्हणून पुन्हा ढकललं."

मला वाटलं होतं, त्याला सुटल्यासारखं वाटेल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही," तो म्हणाला. "बाबांनी नाही केलं. माझाच हात मधे होता. मीच ठेवला होता." तो सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता, थोरलीकडे, आईकडे, जसं त्यातलं कोण ठरवणार आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. "मी परत नाही ठेवणार. आणि बोक्याने काही केलेलं नाही. तो लहान आहे, तो नीट बसला होता." मी तोंड उघडलं आणि मधलीने ओठांवर बोट ठेवलं. "बाबा. नियम." बरोबर होतं तिचं. तक्रार माझ्याविरुद्ध होती, मीच केली होती. उद्यापर्यंत मला एक शब्द बोलता येणार नव्हता. बायकोने माझ्याकडे बघितलं. माझी हुशारी! पोरगं माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि मी बंद तोंडाने बसलो होतो. रागावलेली मोठी माणसं बसतात तसाच दिसत असणार मी. "चपला मी आतून आणू का?" त्याने हळूच विचारलं.

खड्ड्यात गेला नियम. "अरे राजा, नाही रे," मी म्हणालो, "तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं, माझं, तुला कुठेही जायचं नाही..."

"बोलायचं नाही!"

एवढा मोठा आवाज त्याच्यात आहे हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. बोका दचकून आईला बिलगला. मास्तर उभा राहिला होता, पट्टीवाला हात पुढे करून. "उद्यापर्यंत बोलायचं नाही! ताई बोलत नाही. आई बोलत नाही. बोका पण नाही बोलत. मग तू का बोललास? नियम सगळ्यांना असतो!" त्याची हनुवटी थरथरायला लागली. "माझी तक्रार आहे. माझी पण तक्रार आहे. बाबाविरुद्ध. तू बोललास. आणि तू बघितलं नाहीस, आणि पुन्हा दार लावलंस. आणि खूप दुखलं. आणि डावखुरा म्हणालास, दोनदा म्हणालास, आणि सगळे हसले." आणि मग त्याने तोंड उघडून जे रडणं काढलं ते काल संध्याकाळचं होतं, त्याच्याही आधीचं होतं, मागच्या थंडीतलं होतं. बायको उठली, त्याने तिचा हात झटकला. त्याचं झालेलं नव्हतं. "आणि दूध गरम असतं. रोज जीभ भाजते. आणि बूट चावतात. आणि ताईने माझा पिवळा संपवला!" मधली रडायलाच लागली, पण बोलली नाही. "आणि रात्री दिवा घालवतात, मला नको असतं. आणि आक्का माझ्या गालाला हात लावते. आणि मी तुम्हाला सारखं विचारतो आणि तुम्ही हो हो म्हणता आणि ऐकत नाही!"

मी हात पाठीमागे बांधून बसलो होतो, त्याला उचलून घेऊ नये म्हणून. माझे गाल ओले झाले होते. बूट. बूट कधीपासून चावत असतील? आणि भर त्या आकांतात माझ्या आत काहीतरी सैल पडत होतं, लाज वाटण्याइतकं बरं वाटत होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. ठोका म्हटलं, ठोका. तो श्वास घ्यायला थांबला, बाहीने नाक पुसलं, आणि माझ्याकडे बघून रागाने म्हणाला, "अजून आहेत."

मला बोलायचं नव्हतं. मी मान हलवली. मान हलवायला नियमात मनाई नव्हती. तो पुढची सांगू लागला.